उरलेल्या गोळ्यांचा हिशेब

आपल्या बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात किंवा शिलाई मशीनच्या खणात एक डबा असतो. त्यात खोकल्याच्या औषधाची चिकट झालेली बाटली असते, एखादे मलम असते आणि अर्धवट फोडलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या असतात. त्यांपैकी एखाद्या पट्टीवर उभी लाल रेघ असते. मागच्या पावसाळ्यात कोणाला तरी ताप आला, डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, तिसऱ्या दिवशी बरे वाटले आणि उरलेल्या चार गोळ्या डब्यात गेल्या. त्या फेकवत नाहीत, कारण पैसे मोजलेले असतात. शिवाय वस्तू वाया घालवणे म्हणजे इसराफ, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. पुढे घरात किंवा शेजारी कोणी आजारी पडले की त्याच गोळ्या मायेने पुढे केल्या जातात.

या लेखात मला एवढेच विचारायचे आहे की त्या चार गोळ्या कोणाच्या?

उत्तर सोपे वाटते. ज्याने पैसे दिले त्याच्या. शरीयत खासगी मालकी मानते आणि तिचे रक्षणही करते. परंतु प्रेषित मुहम्मद (स.) यांची एक प्रसिद्ध हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आढळते. तिचा आशय असा की पाणी, कुरण आणि अग्नी या तीन गोष्टींत लोक परस्परांचे भागीदार आहेत. फिकहच्या विद्वानांनी यावर पुष्कळ चर्चा केली आहे. घड्यात भरून आणलेले पाणी भरणाऱ्याच्या मालकीचे होते, नदीचे पाणी मात्र कोणा एकाचे होत नाही. प्रतिजैविक औषधाचे, म्हणजे ज्याला आपण सर्रास अँटिबायोटिक म्हणतो त्याचे, स्वरूप मला या भेदाच्या प्रकाशात उमगते. गोळी घड्यातल्या पाण्यासारखी आहे, ती माझी आहे. पण तिच्यात जंतू मारण्याचा जो गुण अल्लाहने ठेवला आहे तो नदीसारखा आहे. डोकेदुखीची गोळी मी शंभर वेळा घेतली तरी शेजाऱ्याच्या डोकेदुखीवरचा तिचा परिणाम तसूभरही कमी होत नाही. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या औषधांचेही तसेच. जंतूंवरची औषधे मात्र एकाने वापरली की दुसऱ्यासाठी झिजतात.

हे कसे घडते ते नीट पाहिले पाहिजे, कारण नैतिक प्रश्नाचे मूळ त्या तपशिलातच आहे. न्यूमोकॉकस नावाचा जंतू लहान मुलांच्या नाकात आणि घशात वस्ती करून असतो. बहुतेक वेळा तो काहीही त्रास देत नाही. खोकल्याच्या आणि शिंकेच्या तुषारांतून तो एका घशातून दुसऱ्या घशात जातो. अंगणवाडीत, मकतबमध्ये, एका खाटेवर झोपणाऱ्या भावंडांत त्याची ये-जा चालू असते. क्वचित एखाद्या बालकात तो रक्तात उतरतो आणि रक्तातून मेंदूभोवतीच्या आवरणात शिरतो. तेव्हा जो आजार होतो त्याला मेनिन्जायटिस म्हणतात. बोलीत त्याला मेंदूज्वर म्हणतात, जरी हाच शब्द विषाणूंमुळे होणाऱ्या मेंदूच्या इतर आजारांनाही लावला जातो. हिब या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा दुसरा एक जंतूही असाच घशात राहतो आणि असाच मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो.

आता सर्दी झालेला एखादा प्रौढ माणूस अँटिबायोटिक घेतो असे समजू. सर्दी विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर हे औषध चालतच नाही. पण गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून घशापर्यंत जातेच. तेथे शांतपणे राहणाऱ्या जंतूंपैकी दुबळे असतात ते मरतात, मुळातच थोडे चिवट असतात ते उरतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्या चिवटांचीच संतती वाढते. याहून विलक्षण गोष्ट अशी की न्यूमोकॉकस आपल्या शेजारी राहणाऱ्या दुसऱ्या जातीच्या जंतूंच्या जनुकांचे तुकडे उचलून स्वतःत जोडून घेऊ शकतो. पेनिसिलिनला दाद न देण्याची क्षमता त्याने बरीचशी अशीच मिळवली आहे, घशातल्या निरुपद्रवी शेजाऱ्यांकडून. म्हणजे विनाकारण घेतलेल्या गोळीने सर्दी जात नाही. त्या माणसाच्या घशात जंतूंची निवड मात्र होऊन जाते, आणि त्याला त्याची जाणीवही नसते.

मेनिन्जायटिसमध्ये हा चिवटपणा विशेष घातक का ठरतो, याचे उत्तर शरीराच्या रचनेत आहे. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या भिंती अत्यंत घट्ट असतात. मेंदूचे रक्षण व्हावे म्हणून निर्मात्याने केलेली ती व्यवस्था आहे. परंतु त्यामुळे औषधाचा थोडाच अंश मेंदूभोवतीच्या द्रवापर्यंत पोहोचतो. जो जंतू फुप्फुसात असता तर मोठ्या मात्रेने मेला असता, तोच मेंदूच्या आवरणात त्याच औषधाला पुरून उरतो. म्हणून प्रयोगशाळेत न्यूमोकॉकस तपासताना मेनिन्जायटिससाठी वेगळी आणि कितीतरी कडक मर्यादा लावतात. इतरत्र किरकोळ वाटावा असा चिवटपणा येथे जीवघेणा असतो. आणि वेळ तर नसतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार जंतूंमुळे मेनिन्जायटिस झालेल्यांपैकी साधारण सहांतील एक दगावतो आणि पाचांतील एकाला गंभीर परिणाम भोगावे लागतात. बहिरेपणा, फिट्स, बुद्धीची मंदता ही त्यांची नावे.

आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी सरसाम हा शब्द असे. युनानी वैद्यकातला तो शब्द मेंदूच्या आवरणाच्या दाहासाठीच आहे. अबू बक्र अल-राजी यांनी हजार वर्षांहून पूर्वी या रोगाविषयी एक नोंद केली आहे. सरसामची लक्षणे दिसू लागलेल्या काही रुग्णांचे त्यांनी रक्त काढले, काहींचे मुद्दाम काढले नाही आणि दोन्ही गटांची तुलना केली. आज ज्याला वैज्ञानिक चाचणी म्हणतात तिचे हे फार जुने उदाहरण मानले जाते. त्यांचा रक्त काढण्याचा उपाय आज कोणी करणार नाही. पण उपाय खरोखर गुण देतो की नाही हे तपासून पाहिल्याशिवाय न मानण्याची ही वृत्ती आपल्याच परंपरेतली आहे, आणि हाय पॉवरची गोळी मागताना आपण ती विसरतो, हे नमूद करावेसे वाटते.

महाराष्ट्राचा या औषधांशी संबंध जुना आहे. पुण्याजवळ पिंपरी येथे 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. ज्या आजारात पूर्वी बालक हमखास जाई, त्यातून ते उठून बसू लागले. ही नेमत किती वर्षे टिकली? 1974 साली अमेरिकेत अँपिसिलिनला न जुमानणारा हिब जंतू मेनिन्जायटिसच्या बालकांत सापडला. 1977 साली दक्षिण आफ्रिकेतील डरबन येथे पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या न्यूमोकॉकसने आजारी पडलेल्या मुलांची नोंद झाली. भारतात 1993 ते 1997 या काळात सहा मोठ्या रुग्णालयांत या जंतूंचा एकत्रित अभ्यास झाला. त्या सहांत नागपूरही होते. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत पेनिसिलिनला कमी दाद देणारे न्यूमोकॉकस शंभरात एखाददुसरेच होते. परंतु को-ट्रायमॉक्साझोल या औषधाला मात्र निम्म्याहून अधिक दाद देत नव्हते. हे औषध त्या काळी खेडोपाडी मुलांच्या खोकल्यावर सर्वांत सहज दिले जाणारे औषध होते. जे कुरण सर्वांनी चारले ते आधी उघडे पडले.

आज मेनिन्जायटिसचा संशय असलेल्या बालकाला सेफ्ट्रियाक्सोन देतात, आणि न्यूमोकॉकस चिवट असण्याची धास्ती असल्याने अनेक ठिकाणी त्याच्या जोडीला व्हँकोमायसिन शिरेतून लावतात. त्यासाठी मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते, म्हणजे मोठे रुग्णालय लागते. नवजात अर्भकांची स्थिती अधिक बिकट आहे. त्यांच्यात क्लेब्सिएला आणि असिनेटोबॅक्टर यांसारखे जंतू असतात आणि त्यांच्यावर कधी कधी कोलिस्टिन हे अखेरचे औषध उरते. ते तर मेंदूपर्यंत फारच कमी पोहोचते. हेच कोलिस्टिन आपल्या देशात कोंबड्यांच्या खाद्यातूनही दिले जात होते. 2019 साली केंद्र सरकारने खाद्यासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत त्याच्या वापरावर बंदी घातली.

ही सगळी माहिती दूरची वाटू नये म्हणून एक गाव डोळ्यांसमोर आणू. भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेलगत, चिखला हे मँगनीजच्या खाणीचे गाव आहे. खाण भूमिगत आहे आणि मॉयल या सरकारी कंपनीच्या ताब्यात आहे. तेथील एका काल्पनिक घराची कल्पना करू. परिस्थिती मात्र कोणत्याही खाणवस्तीत सापडेल अशीच. घरातला कर्ता माणूस ठेकेदाराकडे रोजीवर आहे. त्याला सर्दी-खोकला होतो. दवाखान्यात गेले तर दिवस बुडतो, म्हणून तो मेडिकलमधून चार गोळ्या घेतो, दोन खातो, कामावर जातो. त्याच्या अंगणात समोरच्या घरातील दहा महिन्यांची मुलगी रोज खेळायला येते. तो तिला कडेवर घेतो. काही आठवड्यांनी त्या मुलीला ताप येतो. ती दूध ओढत नाही, उलट्या करते, टाळू फुगलेली दिसते, रात्री फिट येते. तिला आधी तुमसरला, मग भंडाऱ्याला, मग नागपूरला नेतात. पहिले औषध लागू पडत नाही.

या मुलीच्या बाबतीत तो माणूस गुन्हेगार आहे काय? तो जंतू त्याच्याच घशातून आला हे कोणी सिद्ध करू शकणार नाही. त्याला स्वतःला तर याची शंकाही येणार नाही. तो तिच्या घरी इयादतीला जाईल, तिच्यासाठी दुआ करील, आणि त्याची दुआ मनापासूनची असेल.

पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी 1945 साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना जवळजवळ हाच प्रसंग रंगवला होता. एक गृहस्थ घसा दुखतो म्हणून स्वतःच पेनिसिलिन घेतो, तेही अपुरे. जंतू मरत नाहीत, चिवट होतात. ते जंतू त्याच्या पत्नीकडे जातात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती मरते. या मृत्यूला जबाबदार कोण, असे विचारून फ्लेमिंग यांनी पतीकडे बोट दाखवले. औषध अजून बाजारात नवे होते तेव्हाची ही गोष्ट. मला मात्र त्यांचे उत्तर घाईचे वाटते. त्यांच्या गोष्टीत एक माणूस आहे आणि एक बळी आहे, धागा सरळ आहे. आपल्या जगात हजारो घसे आहेत.

आपल्या फिकहमध्ये याच्या जवळ जाणारा एक विचार आहे. हनफी विद्वानांनी मनुष्यवधाचे जे प्रकार सांगितले त्यांत एक आहे कारणाने होणारा वध. मरगीनानी यांच्या ‘हिदाया’त त्याचे उदाहरण आहे: कोणी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर विहीर खणली आणि एखादा वाटसरू तिच्यात पडून मेला, तर खणणाऱ्याच्या बाजूने दियत द्यावी लागते. त्याने कोणाला ढकलले नाही. त्याचा हेतू वाईट नव्हता. कदाचित लोकांना पाणी मिळावे असाच असेल. तरीही दायित्व टळत नाही. कर्मे नियतीवर, म्हणजे हेतूवर, अवलंबून असतात ही हदीस आपण वारंवार उद्धृत करतो, आणि ती सत्यच आहे. परंतु ती अल्लाहपाशी मिळणाऱ्या मोबदल्याविषयी आहे. दुसऱ्याचे जे नुकसान झाले त्याची भरपाई चांगल्या हेतूने होत नाही. चुकून झालेल्या वधासाठीही कुरआनने दियत आणि प्रायश्चित्त सांगितले आहे, ते उगीच नव्हे. मायेने दिलेली गोळी मायेमुळे निरुपद्रवी होत नाही.

पण विहिरीचा दाखलाही येथे अपुरा पडतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. विहीर एकाने खणली होती. येथे प्रत्येकाने एकेक मूठ माती काढली आहे. कोणाचीही मूठ एकटी पाहिली तर ती कोणाला मारण्यास पुरेशी नाही. सर्वांच्या मुठी मिळून खड्डा झाला आहे. काझीपुढे असा खटला उभाच राहणार नाही. मग हे प्रकरण संपले काय? काझीपुढे जे सिद्ध होत नाही ते कयामतच्या दिवशीही सिद्ध होणार नाही, असे मुसलमान मानू शकत नाही. कणाएवढे चांगले आणि कणाएवढे वाईट तेथे दिसणार आहे, ही आपली श्रद्धा आहे. आणि हुकूकुल इबाद, म्हणजे दासांचे परस्परांवरील हक्क, यांचा नियम तर आपल्याला भय वाटावे असा आहे. नमाज, रोजा आणि जकातीचे डोंगर घेऊन आलेला माणूस दुसऱ्यांचे हक्क फेडता फेडता रिकामा होतो, प्रेषित (स.) यांनी त्यालाच आपल्या समुदायातला खरा दिवाळखोर म्हटले. ज्याचा हक्क मारला त्याने माफ केल्याशिवाय सुटका नाही. इथे तर ज्याचा हक्क मारला तो कोण, हेही ठाऊक नाही. त्याचे नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, कदाचित तो अजून जन्मलाही नाही. माफी मागायची तर कोणाकडे?

येथे मला जहाजाची हदीस आठवते. सहीह बुखारीत हजरत नुअमान बिन बशीर (र.) यांनी ती कथन केली आहे. काही लोकांनी चिठ्ठ्या टाकून जहाजातील जागा वाटून घेतल्या. काहींना वरचा मजला मिळाला, काहींना खालचा. खालच्यांना पाण्यासाठी वर जावे लागे. वरच्यांना त्रास नको म्हणून त्यांनी आपल्याच भागात भोक पाडून पाणी घेण्याचे ठरवले. वरच्यांनी त्यांना तसे करू दिले तर सगळेच बुडतील, हात धरला तर सगळेच वाचतील. ही हदीस आपण सहसा वाईटाला रोखण्याच्या संदर्भात ऐकतो. तिच्यातल्या दोन तपशिलांकडे फारसे लक्ष दिले जात नाही. पहिला असा की भोक पाडणाऱ्यांचा हेतू चांगला होता. त्यांना वरच्यांची गैरसोय टाळायची होती. दुसरा असा की त्यांना खरोखर तहान लागलेली होती आणि पाण्याची वाट वरच्यांच्या मजल्यावरून होती. नुसता हात धरून तहान भागत नाही. खाली पाणी पोहोचवण्याची सोय करणे हे वरच्यांचे काम नव्हते काय?

चिखल्याच्या त्या मजुराला दोष देताना हा प्रश्न आधी स्वतःला विचारला पाहिजे. आजारपणाच्या दिवसाची मजुरी त्याला मिळत नाही. त्याच्यापर्यंत डॉक्टर पोहोचलेला नसतो, गोळी पोहोचलेली असते. शहरात राहणारे, शिकलेले, विम्याचे कार्ड खिशात असलेले आपण लोकही साध्या सर्दीला डॉक्टरांकडे अँटिबायोटिकचा आग्रह धरतो आणि त्यांनी नकार दिला तर दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. आपल्याला तर तहानेची सबबही नाही. दोघांच्या हातून एकच कृती घडली तरी दोघांचा हिशेब सारखा असणार नाही, असे मला वाटते. प्रत्येक जण मेंढपाळ आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल. ज्याचा कळप मोठा त्याचा जाब मोठा.

या न्यायाने डॉक्टर आणि औषध दुकानदार यांचा जाब सर्वांत मोठा ठरतो. वैद्यकीचे ज्ञान नसताना जो उपचार करतो तो नुकसानीस जबाबदार आहे, असा प्रेषित (स.) यांचा निर्णय हदीससंग्रहांत आहे. जवळजवळ चौदा शतके उलटल्यावर आपला कायदाही त्याच बाजूला आला. 2014 पासून लागू असलेल्या अनुसूची एच-1 प्रमाणे सेफ्ट्रियाक्सोनसारखी औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत; रुग्णाचे आणि डॉक्टरचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण वेगळ्या वहीत लिहावे लागते आणि ती नोंद तीन वर्षे जपावी लागते. लाल रेघ ही 2016 पासूनची खूण आहे. मुस्लिम शहरांत एके काळी मुहतसिब हा अधिकारी बाजारात फिरून अत्तार, औषधे विकणारे आणि वैद्य यांची तपासणी करीत असे. शैजरी यांनी बाराव्या शतकात लिहिलेल्या हिस्बाच्या ग्रंथात यांच्यावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. आपल्यातले अनेक तरुण आज डी. फार्म. करून दुकान चालवतात. गिऱ्हाईक परत पाठवले तर ते समोरच्या दुकानात जाते, ही त्यांची अडचण खरी आहे. तिच्यावर एका दुकानदाराने उत्तर शोधणे अवघड आहे. एका बाजारपेठेतल्या सर्व दुकानदारांनी मिळून ठरवले तर ती उरत नाही.

आता बालकाच्या खाटेजवळ येऊ, कारण तेथेही आपल्या हातून दोन चुका होतात. पहिली चूक अशी की ताप आल्यावर दोन दिवस डब्यातले उरलेले सिरप पाजले जाते. त्याने मेंदूतला जंतू मरत नाही, पण इतका दबतो की पाठीच्या पाण्याच्या तपासणीत वाढून दिसत नाही. कोणता जंतू आहे आणि कोणत्या औषधाने मरेल हे डॉक्टरांना कळेनासे होते. ते अंधारात, अधिक भारी औषधांनी लढतात. दुसरी चूक म्हणजे पाठीचे पाणी काढू देण्यास नकार. मूल लुळे पडेल अशी भीती घराघरांत आहे. खरे तर सुई कंबरेच्या अशा मणक्यांमधून घालतात जेथे मज्जारज्जू आधीच संपलेला असतो. लुळेपणा या रोगाने येऊ शकतो, त्या सुईने तो येण्याची भीती बाळगण्यासारखी नसते. काही जण नकाराला तवक्कुलचे नाव देतात. शामच्या वाटेवर सरग येथे प्लेगची बातमी ऐकून हजरत उमर (र.) माघारी वळले, तेव्हा हजरत अबू उबैदा (र.) यांनी त्यांना विचारले की आपण अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय. उमर (र.) यांनी उत्तर दिले की आम्ही अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. ज्या खलिफांच्या ईमानाविषयी कोणाला शंका नाही त्यांनी कारणांचा विचार सोडला नाही.

येथे गैरसमज होऊ नये म्हणून एक गोष्ट ठासून सांगतो. मेनिन्जायटिसचा संशय असताना अँटिबायोटिकला विलंब करणे हाच अपराध आहे. तेथे तास मोजावे लागतात. मान ताठ होणे, सतत उलट्या, गुंगी, फिट, तान्ह्या बाळाची फुगलेली टाळू, दूध न ओढणे, वेगळ्याच कर्कश आवाजातले रडणे, यांपैकी काही दिसले तर रात्र असो वा दिवस, 108 ला फोन करावा. सर्दीसाठी औषध राखून ठेवायचे ते याच रात्रीसाठी. तसेच गोळ्यांचा कोर्स किती दिवसांचा असावा याविषयी वैद्यकात आज पुनर्विचार चालू आहे, काही आजारांत पूर्वीपेक्षा कमी दिवस पुरतात असे दिसले आहे. म्हणून स्वतःहून सुरू करू नये आणि स्वतःहून थांबवूही नये. तो निर्णय डॉक्टरांचा.

राहिला माफीचा प्रश्न. ज्याचा हक्क देणे आहे तो सापडत नसेल तर काय करावे, याचा मार्ग फिकहने दाखवला आहे: मूळ मालक शोधूनही मिळाला नाही तर ते देणे त्याच्या नावाने सदका करावे. त्या अज्ञात बालकाच्या नावाने सदका कोणता, याचा विचार केला तर मला पहिले उत्तर लसीचे दिसते. हिबविरुद्धची लस पंचगुणी लसीत आहे, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात ती देतात. न्यूमोकॉकसची लस 2021 पासून देशभर सरकारी कार्यक्रमात आली. ती सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात देतात. दोन्ही विनामूल्य आहेत. लस घेतलेल्या मुलाच्या घशात हे जंतू कमी राहतात, म्हणून लस न घेतलेल्या शेजारच्या बाळाचेही काही प्रमाणात रक्षण होते. गोळीने जे नुकसान जाते त्याच वाटेने हा लाभ उलट येतो. 2022 साली मुंबईत गोवंडीत आणि इतरत्र गोवर पसरला तेव्हा आजारी मुलांत लस न घेतलेली मुले पुष्कळ होती. तो प्रसंग आपल्या वस्त्यांना चांगला आठवत असेल. जुम्याच्या बयानात इमामांनी वर्षातून दोनदा हा विषय घेतला तरी पुष्कळ होईल. जमातच्या बैतुलमालमधून एखाद्या मजुराची दोन दिवसांची बुडालेली मजुरी भरून दिली, जेणेकरून तो मुलाला घेऊन मेडिकलऐवजी दवाखान्यात जाईल, तर ते जहाजाच्या खालच्या मजल्यावर पाणी पोहोचवण्याचेच काम आहे.

आणि त्या डब्यातल्या चार गोळ्या? त्या नालीत किंवा संडासात टाकू नयेत, तेथील पाण्यातही जंतू असतात आणि तेही चिवट होतात. ओळखीच्या मेडिकलवाल्याने परत घेतल्या तर उत्तम, नाहीतर पट्टीतून काढून चहाच्या चोथ्यात मिसळून बंद पिशवीत कचऱ्यात द्याव्यात. यात इसराफ आहे असे कोणाला वाटले तर त्यांनी वरचा हिशेब पुन्हा एकदा मांडून पाहावा. शेजारची खाला मुलाला ताप आहे म्हणून गोळी मागायला आली, तर तिला रिकाम्या हाती पाठवू नये. चपला घालाव्यात आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जावे.